परक्या किनाऱ्यावरचा सिलिंडर : शिक्का कोणाचा, जीव कोणाचा?

१/ ७ फेब्रुवारी १९०४. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या मध्यवस्तीत आग भडकली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांतून बंब धावून आले. माणसे होती, पाणी होते, पाइपही होते; पण पाहुण्या पाइपांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. प्रत्येक शहराने आपापले आटे स्वतंत्रपणे ठरवले होते. आग आटोक्यात येईपर्यंत दीड हजारांहून अधिक इमारती जळून गेल्या होत्या. #इतिहास #थ्रेड

२/ पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, बंबांच्या जोडणीसाठी अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाण ठरले. मात्र ते ठरले म्हणून लागू झाले, असे नाही. शंभर वर्षे उलटल्यावरही अनेक मोठ्या शहरांचे आटे निराळेच होते. प्रमाण ठरवणे हा एका बैठकीचा विषय असतो; आपले जुने प्रमाण सोडणे हा अहंकाराचा आणि खर्चाचा.

३/ हीच कथा आज समुद्रकिनाऱ्यांवर घडते आहे. स्कूबा डायव्हिंगचा सिलिंडर एका देशातून दुसऱ्या देशात नेला की तो भरून मिळेल की नाही, हे त्याच्या खांद्यावर कोरलेली अक्षरे ठरवतात. यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक : ‘शिक्का म्हणजे कागदी घोडे, पोलाद ते पोलादच.’ दुसरे : ‘आमचा शिक्का तोच सुरक्षित.’ ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्ही माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

४/ आधी एक गैरसमज दूर करावा. पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरात सर्वसाधारणपणे ऑक्सिजन नसतो. असते ती दाबून भरलेली साधी हवा. तिचा दाब मात्र साधा नसतो. ११ लिटरच्या सिलिंडरात २०७ बार दाबाने हवा भरली की तिच्यात सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजनाची मोटार ४५ मीटर उंच उचलण्याइतकी ही ऊर्जा. ती हळूहळू श्वासातून बाहेर पडते तोवर सिलिंडर मित्र असतो.

५/ या साधनाचा जन्मच मुळी सरहद्दी ओलांडत झाला. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ तयार केले. मागणीनुसार हवा सोडणारा व्हॉल्व्ह ही त्यातील किल्ली होती. १९४७ मध्ये गान्यां कॅनडात स्थायिक झाले. कल्पना अटलांटिक ओलांडून गेली, माणूसही गेला. सिलिंडरांचे नियम मात्र आपापल्या किनाऱ्यावरच राहिले.

६/ कारण हे नियम पाणबुड्यांसाठी लिहिलेलेच नव्हते. अमेरिकेत त्यांचे मूळ रेल्वेच्या मालवाहतुकीत सापडते. स्फोटके आणि घातक माल रेल्वेने नेताना होणारे अपघात रोखण्यासाठी १९०७ मध्ये रेल्वे कंपन्यांनी एक खास विभाग उभारला आणि १९०८ मध्ये संघराज्याचा कायदा आला. अधिकार मिळाला तो आंतरराज्य वाणिज्य आयोगाला. म्हणून जुन्या अमेरिकी स्कूबा सिलिंडरांवर ‘आयसीसी’ ही अक्षरे दिसतात.

७/ १९६७ पासून हे काम परिवहन खात्याकडे गेले आणि शिक्का ‘डीओटी’ झाला. खाते बदलले, दृष्टी तीच राहिली : हा सिलिंडर मालगाडीत वा ट्रकमध्ये फुटू नये. पाण्याखाली त्याचे काय होते, खाऱ्या हवेत तो आतून कसा गंजतो, हे त्या दृष्टीच्या केंद्रस्थानी कधीच नव्हते. आजही तो कायदा मुख्यतः व्यापारी वाहतुकीचाच कायदा आहे.

८/ ब्रिटनमध्ये हेच काम गृहखात्याच्या अखत्यारीत वाढले. तिथल्या जुन्या सिलिंडरांवरील ‘एचओएएल’, ‘एचओएस’ या अक्षरांतील ‘एचओ’ म्हणजे होम ऑफिस. भारतात १८८४ च्या विस्फोटक कायद्याच्या छत्राखाली १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम झाले; पुढे ते १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे, ‘पेसो’चे, मुख्यालय नागपूर येथे आहे.

९/ म्हणजे एका देशात रेल्वे, दुसऱ्यात गृहखाते, तिसऱ्यात विस्फोटकांचा कायदा. प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्या अपघातांच्या आठवणीतून आणि स्वतःच्या कारखान्यांच्या सोयीने नियम घडवले. हवा भौतिकशास्त्राचे नियम सर्वत्र सारखेच पाळते. फरक आहे तो माणसांच्या इतिहासात. हे एकदा ध्यानात आले की ‘आमचेच प्रमाण शास्त्रीय’ हा दावा किती पोकळ आहे ते उमगते.

१०/ याचा उत्तम पुरावा एकाच सिलिंडरावर कोरलेला सापडतो. जगभर सर्वाधिक दिसणाऱ्या ‘ॲल्युमिनियम ८०’ या सिलिंडरावर अनेकदा दोन शिक्के शेजारी शेजारी असतात : ‘टीसी-३एएलएम२०७’ आणि ‘डीओटी-३एएल३०००’. पहिला कॅनडाचा, दुसरा अमेरिकेचा. २०७ बार आणि चौरस इंचाला ३००० पौंड हा एकच दाब. धातू एक, कारखाना एक, दाब एक, शिक्के दोन.

११/ यातील एकच शिक्का असेल तर? कॅनडाचा एकट्याचा शिक्का असलेला सिलिंडर वर्षानुवर्षे अमेरिकेत भरून वाहतुकीत आणण्यास मान्य नव्हता. २०१७ च्या नियमबदलाने ही आडकाठी बऱ्याच अंशी दूर झाली. ज्या दोन देशांची सरहद्द जगात सर्वांत लांब, ज्यांचे अभियंते एकच पाठ्यपुस्तके वाचतात, त्यांना एकमेकांच्या सिलिंडरावर विश्वास ठेवायला इतका काळ लागला. याला सुरक्षितता म्हणता येत नाही. हा कार्यालयीन दुरावा आहे.

१२/ आता महासागराच्या दोन किनाऱ्यांकडे पाहू. अमेरिकेत वरील सिलिंडराची चाचणी कामकाजाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश पटीने होते : सुमारे ३४५ बार. युरोपातील १२ लिटर, २३२ बारच्या पोलादी सिलिंडराची चाचणी दीडपटीने होते : ३४८ बार. गुणक वेगळे, आकडे जवळपास तेच. तरीही दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या देशात परके ठरतात.

१३/ यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : चाचणीचा दाब म्हणजे सर्वस्व नव्हे. भिंतीची जाडी, धातूचा थकवा, भरण्याच्या फेऱ्या, तापमानाचा आधार हे सारे वेगळे असते. अमेरिकेत भरावाचा दाब २१ अंश सेल्सिअसला धरतात, युरोपात १५ अंशाला. म्हणून दोन्ही सिलिंडर एकसारखे आहेत, असा दावा इथे नाही. दावा इतकाच की ‘परका’ आणि ‘असुरक्षित’ हे समानार्थी शब्द नाहीत.

१४/ फेरतपासणीचे वेळापत्रक पाहिले तर हा मुद्दा अधिक बोचतो. अमेरिकेत जलदाब चाचणी दर पाच वर्षांनी. मधल्या काळातील वार्षिक अंतर्गत पाहणी ही व्यवसायाची प्रथा आहे, संघराज्याची सक्ती नव्हे. ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतून पाहणी आणि पाच वर्षांनी जलदाब. ऑस्ट्रेलियातील प्रमाणात स्कूबा सिलिंडरासाठी मुदत एका वर्षाची.

१५/ म्हणजे गेल्या महिन्यात सिडनीत तपासलेला सिलिंडर अमेरिकी किनाऱ्यावर केवळ अक्षरांपायी नाकारला जाऊ शकतो. आणि चार वर्षे अकरा महिन्यांपूर्वी जलदाब चाचणी झालेला देशी सिलिंडर कायद्याच्या दृष्टीने तिथे निर्दोष असतो. कोणता आतून अधिक स्वच्छ असेल, हे शेंबडे पोरही सांगेल. नियम मात्र आत डोकावण्याआधी नागरिकत्व विचारतो.

१६/ आणि देशी शिक्क्याने जीव वाचतोच असेही नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत ६३५१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे सिलिंडर मोठ्या संख्येने बनले. सारे शिक्के यथास्थित. पुढे आढळले की सततच्या दाबाखाली या धातूत मानेपाशी आणि खांद्यापाशी भेगा हळूहळू वाढू शकतात. असे काही सिलिंडर फुटले, भरणारी माणसे जखमी झाली.

१७/ जलदाब चाचणीत सिलिंडर किती फुगतो हे मोजतात. मानेतील बारीक भेग त्यातून निसटू शकते. म्हणून अमेरिकेने २००६ मध्ये नियम करून या धातूच्या स्कूबा सिलिंडरांसाठी फेरचाचणीच्या वेळी भोवरप्रवाहाची विद्युत तपासणी सक्तीची केली. दोष परदेशातून आला नव्हता. तो मान्यताप्राप्त शिक्क्याखालीच दडला होता. शिक्का सांगतो तो जन्माचा दाखला. प्रकृतीचा अहवाल नव्हे.

१८/ ‘मग शिक्का फेकून द्या, सिलिंडर सगळे सारखेच!’ असे म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावे. कारण सिलिंडराच्या मानेत खरोखरच तीन वेगळे वंश नांदतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनमध्ये ५५ अंशांचे आटे सुचवले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे. युरोप खंडाने मीटरची वाट धरली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी बोल्ट-नट एकमेकांना बसत नव्हते; १९४८ मध्ये दोन्ही देशांनी कॅनडासह समान आट्यांचा करार केला.

१९/ तो करार बोल्ट-नटांचा होता. सिलिंडरांच्या माना जुन्याच वंशांत राहिल्या. अमेरिकी ॲल्युमिनियम सिलिंडरात पाऊण इंची अमेरिकी आटे, जुन्या ब्रिटिश सिलिंडरात पाऊण इंची ब्रिटिश आटे, आजच्या युरोपीय सिलिंडरात २५ मिलिमीटरचे मेट्रिक आटे. पहिल्या दोहोंत इंचाला १४ आटे, म्हणजे १.८१ मिलिमीटरचे अंतर. तिसऱ्यात २ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही.

२०/ धोका नेमका इथे आहे. मेट्रिक व्हॉल्व्हचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर. पाऊण इंची ब्रिटिश आट्यांचा २६.४ च्या आसपास. म्हणून मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत शिरतो, काही फेरे फिरतो आणि हाताला घट्ट लागल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आट्यांची टोके टोकांना जेमतेम अडकलेली असतात. दाब वाढताच व्हॉल्व्ह बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. असे अपघात पाणबुडी व्यवसायाच्या सुरक्षा-सूचनांत नोंदले गेले आहेत.

२१/ विमानतळाचा नियम या धोक्यात भर घालतो. अमेरिकेत प्रवासी सामानात सिलिंडर न्यायचा तर व्हॉल्व्ह पूर्ण काढून मान उघडी ठेवावी लागते. आत काही नाही हे दिसले पाहिजे. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे पाणबुड्या परक्या किनाऱ्यावर उतरतो तो व्हॉल्व्ह एका हातात आणि सिलिंडर दुसऱ्या हातात घेऊन. व्हॉल्व्ह हरवला, खराब झाला, तर स्थानिक दुकानातला ‘तसाच दिसणारा’ बसवला जातो. बाल्टिमोरचा नळ असा पुन्हा समोर उभा राहतो. या वेळी २०० बार दाबासह.

२२/ भेद आणखीही आहेत. अमेरिकी व्हॉल्व्हमध्ये अतिदाब होताच फाटणारी चकती कायद्याने असते; युरोपात ती सहसा नसते. एकाच्या मते ती आगीत वाचवते, दुसऱ्याच्या मते ती पाण्याखाली दगा देऊ शकते. अमेरिकी ‘८०’ म्हणजे ८० घनफूट हवा (प्रत्यक्षात ७७.४), युरोपीय ‘१२’ म्हणजे १२ लिटर पाण्याचे आकारमान. रंगांचे तर विचारूच नये : जर्मनीत पूर्वी निळा रंग ऑक्सिजनचा आणि हिरवा नायट्रोजनचा, अमेरिकेतील वैद्यकीय सिलिंडरांत हिरवा ऑक्सिजनचा.

२३/ आता खरा प्रश्न : सिलिंडर भरताना त्याच्या शेजारी कोण उभे असते? सिलिंडराचा मालक बाहेर चहा पीत असतो. कॉम्प्रेसरपाशी असतो तो किनाऱ्यावरचा पगारी माणूस. सिलिंडर फुटला तर पहिला घाव त्याच्या अंगावर. परकी अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. मिश्रधातूचा इतिहास त्याला कोणी शिकवलेला नसतो. आटे मोजण्याचे साधन बहुधा हाताशी नसते. तरी भरायचे की नाही, हा निर्णय त्याचाच.

२४/ म्हणून त्याने ‘नाही’ म्हटले की त्याला अडाणी, आडमुठा, नोकरशाहीचा गुलाम ठरवणे ही शुद्ध कृतघ्नता आहे. ज्याला कळत नाही ते भरण्यास नकार देणे हा त्याचा हक्क आहे. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याची अर्ध्या दिवसाची निराशा आणि त्या माणसाचे दोन हात एका तराजूत तोलता येत नाहीत.

२५/ परंतु त्याच माणसाच्या जिवाची ढाल करून आपल्या बाजारपेठेला कुंपण घालणारी राज्येही दोषीच. तोडगा अस्तित्वात नाही, असे नाही. पोलादी जोडरहित सिलिंडरासाठी आयएसओ ९८०९, ॲल्युमिनियमसाठी आयएसओ ७८६६ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-नियमांत सिलिंडरासाठी समान खूण आहे. २००६ मध्ये अमेरिकेनेही ती आपल्या नियमांत आणली.

२६/ युरोपीय संघाने तर १९९९ च्या निर्देशाने हे करूनही दाखवले. ग्रीक ‘पाय’ अक्षराची खूण असलेला सिलिंडर सदस्य राष्ट्रांत मान्य. शतकभर एकमेकांशी लढलेली राष्ट्रे जर एका अक्षरावर विश्वास ठेवू शकतात, तर उरलेल्यांची सबब कोणती? आपल्या तपासनीसांचे उत्पन्न आणि आपल्या कारखान्यांचे राखीव कुरण, हीच ना?

२७/ भारताचा किनारा या वादाबाहेर नाही. मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत आणि अंदमानपर्यंत स्कूबा आता नवलाई राहिलेली नाही. इथेही सिलिंडराचा नमुना आणि निर्माता यांना नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते, आयातीला परवाना लागतो. सावधपणा योग्यच. पण मान्यता ही सिलिंडराच्या जन्मावर थांबू नये. खाऱ्या हवेत रोज भरल्या जाणाऱ्या सिलिंडराच्या पोटात नियमाने डोकावणारा प्रशिक्षित डोळा किनाऱ्यावर हवा.

२८/ म्हणून मागणी स्पष्ट असावी. एक : आट्यांचा प्रकार सिलिंडरावर आणि व्हॉल्व्हवर, दोन्हीकडे ठळक कोरावा, प्रत्येक भरण केंद्रात आटे तपासण्याचे मापक सक्तीचे असावे. दोन : मिश्रधातू आणि फेरचाचणीची नोंद कोणत्याही देशात वाचता येईल अशा एकाच रीतीने असावी. तीन : आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या सिलिंडराला परस्पर मान्यता मिळावी, स्थानिक अंतर्गत पाहणीची अट खुशाल असावी. चार : भरणाऱ्याच्या नकाराला कायद्याचे संरक्षण असावे.

२९/ यासाठी खर्च येईल, जुने सिलिंडर मोडीत निघतील, काही कार्यालयांचे महत्त्व घटेल. बाल्टिमोरनंतरही हेच आक्षेप होते, आणि म्हणूनच तिथला धडा शंभर वर्षे अर्धवट राहिला. फरक इतकाच की शहर जळताना सर्वांना दिसते. कॉम्प्रेसरपाशी जायबंदी झालेला एक माणूस दिसत नाही. तो त्या किनाऱ्यावरची एक छोटी बातमी होऊन विरून जातो.

३०/ शिक्का हवाच. कारण तो विश्वासाची लेखी खूण आहे. पण विश्वास राष्ट्राच्या नावावर ठेवायचा नसतो, तपासणीवर ठेवायचा असतो. सिलिंडर कोणत्या देशाचा, हा प्रश्न दुसरा. तो आतून कसा आहे, त्याच्या मानेत कोणते आटे आहेत आणि तो भरणाऱ्याला हे ठाऊक आहे का, हा पहिला. हा क्रम ज्या दिवशी नियमांत उतरेल, त्या दिवशी कॉम्प्रेसरपाशी उभ्या माणसाला अंदाजावर जीव टांगावा लागणार नाही. (समाप्त)